खाडीमागून खाडी : भावंडांनी मिळून करायची बाणकोट ते देवगड सफर

कोकणात गाडी घेऊन गेलेली माणसं बहुधा अलिबागला थांबतात, गणपतीपुळ्याला दर्शन घेतात, नाहीतर सरळ मालवण गाठतात. मंडणगड, दापोली आणि गुहागर तालुक्यांची समुद्राकडची बाजू, रत्नागिरीच्या खाली राजापूरचा किनारा आणि त्यापुढचा विजयदुर्ग-देवगडचा भाग या मधल्या पट्ट्याकडे फार कमी जणांची वाट वळते. मी आणि माझा दादा या पट्ट्यातून गाडीने फिरलो. भावाबहिणीने, दोघी बहिणींनी किंवा दोघा भावांनी एकत्र प्रवास करायचा असेल, तर यापेक्षा चांगला रस्ता मला माहीत नाही. हा रस्ता घाई करू देत नाही. दर तीस-चाळीस किलोमीटरवर एक खाडी आडवी येते आणि तिथे थांबावंच लागतं.

म्हणून सगळ्या आखणीचा पाया एकच धरा: किलोमीटर मोजू नका, खाड्या मोजा. अंतर कमी दिसतं म्हणून एका दिवसात तीन गावं कोंबली की रात्री अनोळखी घाटवळणात गाडी हाकावी लागते. किनाऱ्यालगतच्या या रस्त्यांवर ताशी पंचवीस-तीस किलोमीटरचा वेग धरून चाला.

आधी खाड्या समजून घ्या

उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना पहिली येते सावित्री नदीची बाणकोट खाडी. अलीकडे रायगड जिल्ह्यातलं बागमांडला, पलीकडे रत्नागिरी जिल्ह्यातलं वेसवी. इथे गाड्या नेणारी फेरीबोट आहे. मग केळशीला भारजा नदी आणि अंजर्ल्याला जोग नदी. दाभोळला वाशिष्ठीची रुंद खाडी लागते. दाभोळ ते धोपावे पुन्हा फेरीबोट. त्यानंतर शास्त्री नदीची जयगड खाडी, तिथे तवसाळ ते जयगड तिसरी फेरीबोट. जयगडच्या खाली मात्र पूल आहेत: रत्नागिरीजवळ भाट्याला काजळी नदीवर, पूर्णगडला मुचकुंदीवर, जैतापूरला राजापूरच्या खाडीवर आणि विजयदुर्गच्या अलीकडे वाघोटण खाडीवर.

फेरीबोटीचं महत्त्व दाभोळला सर्वांत जास्त कळतं. समोर दिसणारं धोपावे बोटीने काही मिनिटांवर आहे. बोट नसेल तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभर किलोमीटरच्या वर वळसा घालून गुहागरला पोचावं लागतं. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गात या खाड्यांवर पूल बांधायचे आहेत. ते झाले की हा प्रवास वेगळा होईल. जोवर बोटी आहेत तोवर जाऊन या, असं मी मनापासून सांगेन.

बोटीची रीत सोपी आहे. तिकीट गाडीच्या आकारानुसार, माणसांचं वेगळं. सुट्टे पैसे जवळ ठेवा. बोटीला बहुधा एकाच बाजूने उतार असतो, त्यामुळे चढताना किंवा उतरताना कधीतरी गाडी मागे घ्यावी लागते. धक्क्यावरचा माणूस हाताने खुणा करतो, त्याच्याकडेच बघा. आरशात आणि कॅमेऱ्यात एकदम बघायला गेलात की गोंधळ होतो. गाडी लागली की हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा आणि खाली उतरून कठड्याशी उभे राहा. शेवटच्या फेरीची वेळ ऋतूप्रमाणे बदलते, म्हणून आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या यजमानांना विचारून ठेवा. त्यांना ती पक्की माहीत असते.

आमचा एक नियम होता आणि तो प्रत्येक भावंडजोडीने पाळावा: खाडी ओलांडली की चालक बदलायचा. थोरला भाऊ असला की स्टिअरिंग त्याच्याच हातात राहतं आणि धाकट्या बहिणीला कोणी विचारत नाही, हे आपल्या घरांमधलं जुनं चित्र आहे. ‘दादा, खाडी आली, किल्ली दे,’ एवढंच म्हणायचं. त्यावर चर्चा होत नाही, कारण निर्णय खाडीने आधीच केलेला असतो. जो चालवत नाही त्याने रस्ता सांगायचा, आणि रस्ता सांगणाऱ्याचा शब्द शेवटचा.

भरती-ओहोटीचं गणित

मोबाइलवर भरतीच्या वेळा मिळतात, पण या पट्ट्यात मोबाइलला रेंज असेलच असं नाही. किनाऱ्यावरची माणसं वर्षानुवर्षं जे गणित वापरतात ते शिकून घ्या. त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, सकाळची आणि संध्याकाळचीही. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या आसपास भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला अकरा ते बाराच्या दरम्यान. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. दर दिवशी भरती पाऊण तासाने पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप वर चढतं आणि खूप खाली जातं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती असते, ती मवाळ.

हे गणित तुमच्या निघण्याची तारीख ठरवतं. हरिहरेश्वराची खडकावरची प्रदक्षिणा ओहोटीलाच करायची असते. भरतीच्या लाटा त्या वाटेवर येतात आणि तिथून माणसं वाहून गेली आहेत. उलट हेदवीची बामणघळ, म्हणजे लाट उसळवणारी कातळातली भेग, भरतीलाच बघायची, ओहोटीला तिथे नुसती कोरडी भेग दिसते. या दोन ठिकाणांमध्ये तीन दिवसांचं अंतर ठेवलं, तर निघायला दशमी उत्तम. दशमीला भरती साडेसातला, म्हणजे दुपारी दीडच्या सुमारास ओहोटी आणि हरिहरेश्वराची वाट मोकळी. चौथ्या दिवशी त्रयोदशी, भरती पावणेदहाला, तीही उधाणाकडे झुकलेली. नेमकी तीच वेळ हेदवीसाठी हवी. कॅलेंडरवर आधी तिथी बघा, मग रजेचा अर्ज लिहा.

कधी जावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सगळ्यात चांगली. फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात, ते बघायचं असेल तर तोच काळ धरा. एप्रिल-मे महिन्यांत उकाडा आणि गर्दी असते, पण देवगडचा हापूसही तेव्हाच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. हर्णैचा लिलाव नाही, समुद्रात पाय घालता येत नाही आणि लाल मातीच्या वळणांवर चाकं घसरतात. त्या दोन महिन्यांत ही सफर करू नका. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्ये सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर, रानफुलं येतात, पण त्याच वेळी गवत वाढून तिथली कातळशिल्पं, म्हणजे कातळावर कोरलेली जुनी चित्रं, झाकली जातात.

गाडी आणि सामान

छोटी गाडी घ्या. केळशी, अंजर्ले, मुरूड या गावांमधले रस्ते दोन्ही बाजूंच्या चिऱ्यांच्या गडग्यांमधून, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतींमधून, जातात आणि समोरून एसटी आली की मोठ्या गाडीला मागे जाण्यावाचून इलाज नसतो. अशा वेळी एसटीला वाट द्या. तिचा चालक त्या वळणावर रोज येतो आणि कुठे किती जागा आहे ते त्याला ठाऊक असतं.

पेट्रोलची टाकी अर्ध्यावर आली की भरून घ्यायची सवय ठेवा. दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड इथे अडचण नाही, मधल्या गावांचा भरवसा धरू नका. नकाशा आधीच उतरवून ठेवा. स्टेपनी आणि जॅक तपासा, आणि दोघांनाही चाक बदलता येतं याची घरीच खात्री करून घ्या. पट्ट्याच्या चपला, टोपी, टॉर्च, डासांची अगरबत्ती, मळमळीच्या गोळ्या आणि एक साधी चादर पुरे.

वाळूत गाडी घालू नका. मुरूड-कर्द्याची वाळू घट्ट वाटते आणि मोह होतो, पण भरती चढायला लागली की खालची वाळू सैल होते, चाकं रुततात आणि ट्रॅक्टर येईपर्यंत पाणी इंजिनापर्यंत पोचतं. शिवाय त्याच वाळूत कासवं अंडी घालतात.

पैसे, खोल्या आणि घरचा फोन

भावंडांमध्ये पैशावरून बोलणं अवघड असतं, म्हणून ते निघण्याआधी संपवा. एक डबी गाडीत ठेवा, दोघांनी सारखी रक्कम रोख टाका आणि पेट्रोल, बोट, जेवण, मुक्काम सगळं त्यातूनच द्या. थोरल्याने ‘राहू दे, मी देतो’ म्हणायचं नाही आणि धाकट्याने तसं म्हणू द्यायचं नाही.

खोलीबाबत स्पष्ट बोला. बहिणीचं आडनाव लग्नानंतर बदललेलं असेल, तर लॉजवाले शंका घेतात आणि रात्री दारात उभं राहून खुलासा करावा लागतो. तो प्रसंग दोघांनाही नकोसा होतो. बुकिंगच्या फोनवरच सांगा: आम्ही बहीणभाऊ आहोत, दोन वेगळे पलंग हवेत, दोघांची ओळखपत्रं देतो. गावातल्या घरगुती निवासात हा प्रश्न फारसा येत नाही. तिथल्या काकू अर्ध्या तासात तुमच्या आजोळाचं गाव विचारून घेतात आणि मग तुम्ही घरचेच होता.

जेवणाची सूचना सकाळीच द्यायची. इथे माणसं मोजून स्वयंपाक होतो, ऐन वेळी ताट वाढत नाहीत. केळशी, गुहागर, हेदवी इथली बरीच घरं शाकाहारी आहेत, हर्णै आणि जयगडच्या बाजूला मासळी मिळते. दोघांपैकी एकच जण मासे खात असेल तर दुपारचं जेवण मासळीचं आणि रात्रीचं शाकाहारी असं वाटून घ्या. शाकाहारी ताट कमी समजू नका. कुळथाचं पिठलं, फणसाची भाजी, फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळणारी ओल्या काजूंची उसळ, सकाळी घावन आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. ओल्या काजूंची उसळ ज्या घरात मिळेल तिथे मी मुक्काम एका रात्रीने वाढवेन.

आई-बाबांना फोन करायची एक वेळ ठरवा आणि त्यांना ती सांगा. दिवसा रेंज गेली तरी मग घरी काळजी होत नाही. फोन दोघांनी मिळून स्पीकरवर करावा. एकाने केला की दुसऱ्याचा निरोप राहून जातो.

पहिला दिवस : हरिहरेश्वर, बोट, वेळास किंवा केळशी

पुण्याहून ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा करत हरिहरेश्वर. मुंबईहूनही माणगावपर्यंत महामार्ग आणि पुढे तोच रस्ता. पहाटे पाचला निघालात तर जेवायच्या आधी पोचता. दर्शन, जेवण, ओहोटीला प्रदक्षिणा आणि मग बागमांडल्याची बोट. वेसवीहून उजवीकडे बाणकोटचा किल्ला आहे. इंग्रजांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिलं, मराठ्यांचं नाव हिंमतगड. जांभ्याचा छोटा किल्ला, वरून सावित्रीचं मुख पूर्ण दिसतं. अर्धा तास पुरतो.

कासवांच्या दिवसांत मुक्काम वेळासला करा. नाना फडणवीसांचं मूळ गाव ते हेच. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली इथे कासवांच्या घरट्यांचं रक्षण सुरू केलं. पूर्वी जी अंडी खाण्यासाठी उकरली जायची, ती आता गावकरी राखतात आणि त्यावर घराघरांत पाहुण्यांची सोय उभी राहिली आहे. घरटी कुंपणातल्या वाळूत हलवतात. साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं वर येतात आणि सकाळी व संध्याकाळी ती पाण्याकडे सोडली जातात. सगळ्या दिवशी पिल्लं निघतातच असं नाही, म्हणून एक संध्याकाळ आणि दुसरी सकाळ अशा दोन वेळा हाताशी ठेवा. दोरीच्या अलीकडे उभं राहा, फ्लॅश वापरू नका, पिल्लांना हात लावू नका.

बाकीच्या महिन्यांत सरळ केळशी गाठा. माडा-पोफळींच्या आगरांमधून जाणारे रस्ते, महालक्ष्मीचं देऊळ, आणि किनाऱ्याच्या टोकाला भारजेच्या मुखाशी असलेली वाळूची टेकडी. या टेकडीच्या थरांमध्ये जुनी नाणी आणि खापरं सापडली आहेत आणि अभ्यासकांनी तिचा संबंध जुन्या काळातल्या समुद्राच्या मोठ्या लाटेशी जोडला आहे. टेकडीवर चढू नका, वाळू ढासळते. खालून चालत जा.

दुसरा दिवस : अंजर्ले आणि हर्णै

सकाळ अंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला द्या. उजव्या सोंडेची मूर्ती आहे आणि देवळाच्या आवारातून खाली माडांचं बन, त्यापुढे समुद्रात सुवर्णदुर्ग दिसतो. पुढे हर्णै.

हर्णैला दुपारी चारच्या आधी पोचा. होड्या परतल्या की वाळूवरच मासळीचा लिलाव लागतो. टोपल्या उतरतात, बैलगाड्या आणि टेम्पो पाण्यात शिरतात, बोली इतक्या भरभर होतात की आकडे कळायला वेळ लागतो. आत घुसू नका, कडेला उभं राहून बघा आणि फोटो काढण्याआधी विचारा, कारण तो त्यांच्या रोजगाराचा तास आहे. किरकोळ मासळी घ्यायची असेल तर लिलाव ओसरल्यावर बायका वाटे लावून बसतात, त्यांच्याकडून घ्या. वाटा पसंत पडला की मुक्कामाच्या घरी फोन करून ‘करून द्याल का’ असं विचारायचं. मासळीचं जेवण करणारी घरं बहुधा हो म्हणतात.

सुवर्णदुर्गाला जायला हर्णैहून होडी मिळते. ती समुद्र शांत असतानाच, शक्यतो सकाळी. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा हा आधार होता. १७५५ साली पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून तो कान्होजींचा मुलगा तुळाजी याच्याकडून घेतला. आपल्याच आरमाराविरुद्ध परक्याची मदत घेतली, या निर्णयावर मी आणि दादा तटावर उभे राहून बराच वेळ बोललो आणि आमचं एकमत झालं नाही. होडीवाल्याशी परतीची वेळ ठरवूनच उतरा. किल्ल्यावर प्यायचं पाणी सोबत हवं.

दोघांच्या आवडी वेगळ्या असतील तर हर्णै हे वेगळं होण्याचं उत्तम ठिकाण. एकाने लिलावात उभं राहावं, दुसऱ्याने कनकदुर्गावरच्या दीपस्तंभाकडे चालत जावं. रोज निदान एक तास एकमेकांपासून दूर राहा. लहानपणी एका खोलीत वाढलेली माणसं मोठेपणी आठवडाभर एका गाडीत बसतात, तेव्हा हा तास फार उपयोगी पडतो.

मुक्काम मुरूड किंवा कर्द्याला. मुरूड हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं गाव. समुद्र सपाट उताराचा आहे, पोहता येणाऱ्यांना इथे त्यातल्या त्यात बरा.

तिसरा दिवस : पन्हाळेकाजी, दाभोळ, गुहागर

दापोलीहून आत वळून पन्हाळेकाजीची लेणी बघायला अर्धा दिवस द्या. कोटजाई नदीच्या काठाला २९ लेणी ओळीने कोरलेली आहेत. सुरुवात बौद्ध भिक्षूंनी केली, पुढे बौद्धांचाच तांत्रिक वज्रयान पंथ आला, मग गणपतीचे उपासक गाणपत्य आणि नाथपंथीय. एका डोंगरकुशीत इतक्या परंपरा एकामागून एक नांदल्या, आणि तिथे गेलात तर बहुधा तुम्ही दोघंच असता. पाणी आणि खाऊ सोबत न्या.

दाभोळला चंडिकादेवीचं देऊळ कातळात कोरलेल्या गुहेत आहे. आत मिणमिणत्या समईच्या उजेडात वाकून जावं लागतं. खाली धक्क्याजवळ विजापुरी घाटाची मशीद आहे, सतराव्या शतकातली, घुमट आणि मिनारांसह उभी. बहमनी आणि आदिलशाही काळात हे बंदर केवढं गजबजलेलं होतं याची खूण म्हणून तेवढी एक इमारत पुरेशी आहे. मग बोट, धोपावे आणि गुहागर.

दाभोळची बोट बोलण्यासाठी उत्तम. जे बोलायचं राहून गेलं आहे ते इथे बोला. आई-बाबांचं वय होत चाललं आहे, गावच्या घराचं काय करायचं, कोण किती वेळा जाऊन येणार, असे प्रश्न चालत्या गाडीत काढू नयेत. चालवणाऱ्याला समोर बघावं लागतं आणि आवाज चढला तर उतरून जाता येत नाही. बोटीवर दोघंही कठड्याशी उभे असता, हात मोकळे असतात आणि पलीकडचा किनारा आला की विषय तिथेच थांबवता येतो.

गुहागरला व्याडेश्वर, दुर्गादेवी आणि सुरूच्या बनामागचा लांबलचक किनारा. पाणी इथे लवकर खोल होतं, गुडघ्यापुढे जाऊ नका. वेळ असेल तर अंजनवेलचा गोपाळगड आणि दीपस्तंभ.

चौथा दिवस : हेदवी, तवसाळ, जयगड, मालगुंड

आठच्या आत गुहागर सोडा. पालशेत, वेळणेश्वर करत हेदवी. दशभुजा गणपतीच्या देवळामागे गाडी न थांबवता आधी समुद्राकडे जा, कारण भरती कोणाची वाट बघत नाही. कातळाला पडलेल्या अरुंद भेगेत लाट शिरते, कोंडते आणि मोठा आवाज करत उंच उसळते. कडेचा कातळ ओला आणि शेवाळलेला असतो. भेगेपासून दूर, कोरड्या भागावर उभं राहा. लहानपणी धाकट्याला आवरण्याची जबाबदारी ज्याच्याकडे होती, त्याने ती इथे पुन्हा घ्यावी. देऊळ नंतर निवांत बघा.

उधाणाच्या दिवसांत दुपारी पाणी फार खाली जातं आणि बोट धक्क्याला लागायला वेळ लागू शकतो, म्हणून तवसाळची बोट दोनच्या आत घ्या. जयगडचा किल्ला, कऱ्हाटेश्वराचं देऊळ, मग मालगुंड. मराठी कवितेला नवं वळण देणाऱ्या केशवसुतांचा जन्म १८६६ साली इथे झाला. त्यांचं घर आणि स्मारक बघण्यासारखं आहे. तिथे कविता कोरलेल्या आहेत, त्या उभं राहून मोठ्याने वाचाव्यात. शाळेत पाठ केलेल्या ओळी दोघांपैकी कोणाला जास्त आठवतात ते तिथे कळतं.

गणपतीपुळ्याला थांबलात तर समुद्रात उतरू नका. तिथे तळ अचानक तुटतो आणि परतणारी लाट आत ओढते. चांगले पोहणारेही त्यात सापडले आहेत.

पाचवा दिवस : आरे-वारे ते आडिवरे

आरे-वारेचा रस्ता डोंगराच्या कडेने समुद्रावर लोंबतो. फोटोसाठी वळणावर थांबू नका, पुढे मोकळी जागा आहे. रत्नागिरीत एकच गोष्ट बघायची असेल तर थिबा राजवाडा बघा. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत करून इकडे आणलं. १९१६ साली इथेच तो वारला.

रत्नागिरीच्या खाली पर्यटक विरळ होतात आणि माझ्या मते सफर इथून खरी रंगते. भाट्याचा पूल, पावस, मुचकुंदीवरचा पूर्णगड, गावखडीचं सुरूबन आणि मग कशेळी. कनकादित्याचं देऊळ म्हणजे कोकणात दुर्मीळ असं सूर्यमंदिर. सभामंडपातलं लाकडी कोरीवकाम मान वर करून बघा. जवळच देवघळीची कड्यांमधली छोटी पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, आहे.

कशेळीच्या सड्यावर कातळशिल्प आहे: एका प्रचंड हत्तीच्या बाह्यरेषेत कोरलेले असंख्य प्राणी आणि मासे. कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरुण, उक्षी ही रत्नागिरी जिल्ह्यातली ठिकाणं, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ मिळून नऊ जागा २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत गेल्या. कोणी, कधी, कशासाठी कोरली याचा उलगडा अजून झालेला नाही. बघायला जायची वेळ सकाळी नऊच्या आत किंवा साडेचारनंतर. तिरप्या उन्हात रेषा उठून दिसतात, भर दुपारी सपाट होतात आणि कातळही भाजतो. गावातला माणूस सोबत घ्या, त्याला मोबदला द्या. चपला काढून कडेकडेने चाला, रेषांवर पाणी किंवा खडू टाकून त्या उठवायचा प्रयत्न करू नका.

मुक्काम आडिवऱ्याच्या आसपास. महाकालीचं देऊळ सकाळी बघा.

सहावा आणि सातवा दिवस : जैतापूर, विजयदुर्ग, देवगड

नाट्याचा यशवंतगड खाडीकाठावर उभा आहे, झाडांच्या मुळांनी धरलेला. तिथून जैतापूरचा पूल आणि मग सडेच सडे. माडबनचा सडा अणुऊर्जा प्रकल्पाच्या प्रस्तावामुळे देशभर गाजला. त्याबद्दल गावात सरसकट प्रश्न विचारू नका. कोणाची जमीन गेली आहे, कोणी आंदोलनात होतं. त्यांना बोलावंसं वाटलं तर ऐकून घ्या.

विजयदुर्गाला दुपारनंतर जा आणि निदान तीन तास ठेवा. शिलाहारांनी बांधलेला, १६५३ साली शिवाजी महाराजांनी घेऊन वाढवलेला, तीन बाजूंनी पाण्यात असलेला हा किल्ला घाईने बघितला तर कळत नाही. तिहेरी तटबंदी कशी एकामागे एक येते, दरवाजा वळणाच्या आड कसा लपवला आहे, हे चालत चालत एकमेकांना दाखवा. गावातल्या वाटाड्याला बरोबर घेतलं तर कोठारं, भुयारी वाट आणि तोफगोळ्यांच्या खुणा नेमक्या सापडतात. सकाळी गिर्ये गावात रामेश्वराचं देऊळ, ज्याची वाट कातळ फोडून काढली आहे, आणि खाडीच्या अंगाला मराठ्यांच्या आरमाराची खडकात खोदलेली गोदी. गोदीकडे जाणारे लोक फार थोडे. मला ती किल्ल्याइतकीच मोलाची वाटली, कारण गलबतं जिथे दुरुस्त होत तिथे आजही उभं राहता येतं.

देवगडला हंगामात आंबा घ्यायचा तर बागेतून किंवा उत्पादक संस्थेकडून घ्या. हमरस्त्यावर देवगडच्या नावाने विकला जाणारा प्रत्येक आंबा इथला नसतो. पेटीत गवत घातलेलं असतं ते काढू नका, पेटी डिकीत आडवी ठेवा आणि उन्हात गाडी बंद करून सोडू नका. कुणकेश्वर जवळच आहे, जमल्यास तेही.

परतीसाठी देवगडहून नांदगावला महामार्ग गाठा, पुढे फोंडा घाट, राधानगरी आणि कोल्हापूर. घाटात धुकं उतरतं, म्हणून दुपारी दोनच्या आत देवगड सोडा. भावंडं वेगवेगळ्या शहरांत राहत असतील तर मुंबईकराला कणकवली स्थानकावर उतरवून गाडीवाल्याने घाट चढावा. कोकण रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी खुलं होतं आणि सुट्ट्यांच्या दिवसांत लगेच भरतं, म्हणून तिथी ठरली की पहिलं काम तिकिटाचं करा. डबीतल्या उरलेल्या पैशांची वाटणी स्थानकावरच करून घ्या, आणि घरी पोचल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या, नाहीतर खाऱ्या हवेने पत्रा महिन्याभरात गंजायला लागतो.